डावीकडे पडलेल्या सावल्या

सावली काढायला कुणी शिकवलं, असं विचारलं की डावरीबाई म्हणायच्या, "खिडकीनं." विचारणारा हसायचा आणि बाईंना ते हसू मुळीच आवडायचं नाही, कारण त्या थट्टा करत नसत. थट्टा करायच्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका गंभीर असे की समोरचा माणूस ते लिहून घ्यायला कागद शोधू लागे.

पण खिडकीची गोष्ट खरीच होती. शिवणयंत्रांच्या एका कारखान्यात वरच्या मजल्यावर आराखडे काढायची एक लांबलचक खोली होती. तिथे अठ्ठावीस उतरती टेबलं एकाच दिशेला तोंड करून मांडलेली होती, आणि डाव्या हाताला भिंतभर खिडक्या. ही मांडणी उगीच नव्हती. उजव्या हाताने काढणाऱ्याला उजेड डावीकडून मिळाला की त्याच्या हाताची सावली रेघेवर पडत नाही. म्हणून त्या खोलीत काढलेल्या प्रत्येक स्क्रूची, प्रत्येक चाकाची सावली उजवीकडे पडत असे, आणि त्याबद्दल कुणी कधी वाद घातला नव्हता.

मग तिथे वीस वर्षांची एक मुलगी नोकरीला लागली. ती डावरी. तिच्या हाताची सावली नेमकी पेन्सिलीच्या टोकावर पडायची. पहिल्या आठवड्यात तिने तीन मोठे कागद वाया घालवले. चौथा जाणार तेवढ्यात हेड ड्राफ्ट्समननी दोन हमाल बोलावले आणि तिचं टेबल उचलून उलट्या दिशेला फिरवून ठेवलं.

"आता काढ," ते म्हणाले. "आणि समोर बघू नकोस. सत्तावीस जण तुझ्याकडे बघतायत."

ती पुढची एकतीस वर्षं मनसोक्त समोर बघत बसली. दुपारी अडीचला कोण पेंगतो, कोण टेबलाच्या खणात बिस्किटं ठेवतो, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचं नाव पडलं डावरी. लग्नानंतर त्याला 'बाई' जोडलं गेलं. आराखड्याच्या कोपऱ्यात सही करायच्या जागी ती बारीक अक्षरात नुसतं 'डा' लिहायची. डाव्या हाताची करंगळी आणि तळव्याची कड शिसाने कायमची राखाडी झालेली असे. आंघोळीनंतरही तो रंग जायचा नाही.

आता उजेड उजवीकडून म्हटल्यावर तिच्या चित्रांतल्या सावल्या डावीकडे पडू लागल्या. हेड ड्राफ्ट्समननी चष्मा कपाळावर नेऊन त्या पाहिल्या आणि त्यावरही तोडगा काढला. दुरुस्तीच्या पुस्तकाचा चौथा भाग, म्हणजे यंत्राच्या पोटातलं बॉबिन, शटल आणि खालच्या दोऱ्याचं सगळं प्रकरण, त्यांनी तिच्या एकटीच्या नावावर करून टाकलं. "त्यात दुसऱ्याची एक रेघ नको," ते म्हणाले. "एकाच पानावर सावल्या भांडायला नकोत." पुस्तक छापून आलं. कारागीर ते जमिनीवर उघडं टाकायचे आणि यंत्राभोवती फिरत कुठल्याही बाजूने बघायचे. चौथ्या भागात सूर्य उलट्या बाजूला आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं. खुद्द बाईंच्याही ते हळूहळू विस्मरणात गेलं. सावली डावीकडे पडते, बस्स.

आराखड्यांची खोली बंद झाली तेव्हा बाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या. घरी त्यांनी जेवणाच्या टेबलावर काम मांडलं. कुणाला दाराची चौकट काढून दे, कुणाला पाण्याच्या नळाचा आराखडा. पण ते टेबल दिवसातून दोनदा रिकामं करावं लागे. त्यांचे यजमान टपालखात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी पत्रं ज्या त्या खणात टाकली होती, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूला नेमकी एकच जागा असते अशी त्यांची पक्की समजूत होती. फक्त ती जागा कोणती हे घरात त्यांना कधी सापडायचं नाही. बरोबर साडेबाराला ते शब्दकोड्यातून डोकं वर काढून म्हणायचे, "तुझा पसारा उचलतेस ना? ताटं यायचीत."

बाई पसारा उचलायच्या. पट्टी, पेन्सिली, अर्धवट रेघा, सगळं पलंगावर. जेवण झालं की पुन्हा टेबलावर. दोन वर्षं असं चाललं आणि एक दिवस त्या पुतणीला म्हणाल्या, "मला एक टेबल हवंय गं, जे कुणी उचलायला सांगणार नाही. चार लोकांत असलं तर उत्तमच."

पुतणी कॉम्प्युटरवर चित्रं काढायची. तिने सहा रविवार खर्ची घालून काकूला व्हेक्टर चित्र शिकवलं. त्यात ठिपके नसतात, नुसत्या सूचना असतात: इथून तिथे रेघ, इथे एवढं वळण, आत हा रंग. त्यामुळे चित्र नखाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, त्याची कड फाटत नाही. बाईंना हे इतकं पटलं की पहिल्या रविवारी त्यांनी चहा तसाच ठेवला. माऊस त्यांनी डाव्या बाजूला घेतला आणि तो पुतणीला पुन्हा उजवीकडे नेऊ दिला नाही.

पुतणीच्याच ओळखीने त्या एका छोट्या कंपनीत गेल्या. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पाच टेबलं आणि झाकण दोऱ्याने बांधलेली एक चहाची किटली. तिथे दुकानदारांसाठी वेबपेज बनवली जात. मालकीण चौतिशीची होती. सगळे तिला मॅडम म्हणत, आणि ती अर्ध्या वाक्यात बोलून उरलेलं हाताने पूर्ण करत असे. चित्रं पानावर चढवायचं काम एका तरुणाकडे होतं. दिवसभर त्याच्या गळ्यात हेडफोन अडकवलेला असे, म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी मनातल्या मनात त्याचं नाव गळपट्टा ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते चुकून तोंडातून निघालं. त्याला ते आवडलं.

कंपनीकडे मोठं काम आलं होतं. शिवणयंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याचे चारशे बारा भाग वेबपेजवर हवे होते, आणि तेही असे की गिऱ्हाइकाने बोटाने भाग फिरवून उलटासुलटा करून बघावा. दोनशे बत्तीस चित्रं आधीच्या चित्रकाराने करून ठेवली होती. मग तो नोकरी सोडून गेला. उरलेली एकशे ऐंशी बाईंकडे आली.

"तीन महिने," मॅडम म्हणाल्या. "शेवटच्या शुक्रवारी ते बघायला येतील. त्यांना पसंत पडलं तर काकू, तुमची जागा..." आणि हाताने टेबलावर ठोकून दाखवलं. म्हणजे पक्की.

"आणि नाही पडलं तर?"

मॅडमचा हात हवेत गेला आणि तिथेच राहिला.

बाईंनी यादी पाहिली. बॉबिन, शटल, कापड पुढे सरकवणारे खालचे दात. त्यांना हसूच आलं. हा तर आपला चौथा भाग! मग बाकीची दोनशे बत्तीस चित्रं उघडून बघण्याचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. दुसऱ्याच्या भागात नाक खुपसायचं नाही, ही एकतीस वर्षांची शिस्त. त्यांनी डोळ्यात तेल घालून एकशे ऐंशी भाग काढले, प्रत्येकाखाली करडी, कडेला विरत जाणारी सावली घातली आणि एक एक गठ्ठा गळपट्ट्याच्या हवाली केला.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी अकरा वाजता त्याने सगळे भाग पहिल्यांदाच एका पानावर मांडले आणि लांब शीळ घातली.

"काकू, इकडे या. आपल्याकडे दोन सूर्य उगवलेत."

बाई त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. ओळीत आठ भाग. पाचांची सावली उजवीकडे, तिघांची डावीकडे. शेजारशेजारच्या दोन चाकांच्या सावल्या मधल्या जागेत एकमेकींवर चढल्या होत्या.

बाई पडद्याजवळ वाकल्या. "कुणाच्या चुकल्या?" असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आठवलं. खिडकी, हमाल, फिरवलेलं टेबल.

"माझ्या," त्या म्हणाल्या.

"अहो, एवढं काय तोंड करताय! एक आकडा बदलायचा. उणे तीनचा अधिक तीन केला की सावली इकडची तिकडे." त्याने बाईंचं चित्र उघडलं, आकडा शोधला, मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा शोधला. "काकू, आकडा कुठाय?"

"कसला आकडा?"

"सावलीचा."

"सावलीला आकडा कशाला? मी काढलीय ती."

गळपट्ट्याने हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. असं तो फक्त वीज गेल्यावर करायचा. "एकशे ऐंशी सावल्या? हाताने?"

"मग काय पायाने?"

त्याने खुर्ची वळवली आणि समजावून सांगितलं. वेबपेजवर सावली काढायची नसते, सांगायची असते. चित्राची एक प्रत घ्यायची, ती करडी करायची, जरा धूसर करायची, तीन घरं उजवीकडे आणि चार खाली सरकवायची आणि मूळ चित्र तिच्यावर ठेवायचं. ही सूचना एकदाच लिहायची, तिला फिल्टर म्हणतात. मग ज्याला सावली हवी त्याने फिल्टरचं नाव घ्यायचं, की झालं.

बाई ऐकत होत्या. "म्हणजे ट्रेसिंग पेपर सरकल्यासारखं."

"तसंच म्हणा."

"आमच्याकडे पेपर सरकला तर बोलणी बसायची. तुम्ही त्याला नाव देऊन पानावर लावता होय?"

गळपट्टा हसता हसता बाईंच्या फाइली चाळत होता, आणि एकदम त्याचं हसू थांबलं. प्रत्येक चित्रात सावलीचा थर सर्वांत खाली होता, आणि एकशे ऐंशींतल्या प्रत्येकाला बाईंनी एकच नाव दिलं होतं: 'सावली'. एकालाही दुसरं काही नाही. आधीच्या चित्रकाराच्या थरांची नावं 'नवीन', 'नवीन २' आणि 'हे खरंच शेवटचं' अशी होती.

"काकू, तुमच्या पाया पडू का?"

"आधी काम."

त्याने एक ओळ लिहिली: 'सावली' नावाचं जे काही असेल ते काढून टाक आणि त्या जागी फिल्टर लाव. कळ दाबली. तीन महिन्यांच्या सावल्या चहा ओतायला लागतो तेवढ्या वेळात गेल्या.

"प्रत ठेवलीयस ना?" बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ठेवलीय."

"बरं. ठेव हो."

तेवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं. एकच सूर्य, तोही डावीकडे वर, मॅडम खूश. पण दुपारी तीनच्या सुमाराला बाई पान बघत बसल्या होत्या. बघता बघता बॉबिनच्या डबीवर माऊस ठेवून त्यांनी ती उलटी फिरवली. डबी फिरली. तिच्याबरोबर सावलीही फिरली आणि डबीच्या डोक्यावर जाऊन बसली. बाईंनी आधीच्या चित्रकाराची दहा चित्रं फिरवून पाहिली. सगळ्यांचं तेच.

"गळपट्ट्या, तुझा सूर्य जमिनीखाली गेला."

त्याने पाहिलं. "अरेच्चा. पण काकू, हे कोण बघतंय?"

"मी बघितलं की."

मॅडम आल्या. "काकू, परवा शुक्रवार. आता नवीन काही..." हाताने त्यांनी हवा कापली.

बाईंना कळत होतं. गप्प बसलं तर बहुतेक जागा आपली. पान पुन्हा दुरुस्तीला घेतलं आणि शुक्रवारी ते अर्धवट राहिलं, तर त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल हेही त्यांना कळत होतं. त्या खुर्चीत जरा मागे टेकल्या. मग पुढे वाकून त्यांनी खालच्या दाताच्या पट्टीचं चित्र उघडलं आणि ते उलटं केलं.

"मॅडम, इथे खाच आहे का उंचवटा?"

मॅडमनी मान तिरकी केली. "उंचवटा."

"खाच आहे. उजेड खालून आलाय असं दिसलं की खाच वर आल्यासारखी वाटते. गिऱ्हाईक खाचेची पट्टी म्हणून दुसरीच मागवेल. मग ती परत येईल."

मॅडमनी पट्टी सुलटी केली, पुन्हा उलटी केली. "अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं हे वाक्य पूर्ण होतं.

"पण सावली का फिरते?" गळपट्टा डोकं खाजवत होता. "मी तर चित्र फिरवतोय. सावली चित्राचीच आहे..."

"दिवा कुठे असतो?" बाईंनी विचारलं.

"कुठे?"

"टेबलाला. वस्तू हातात धरून फिरवली तर दिवा फिरतो का? तू दिवा वस्तूलाच बांधलायस."

 गळपट्ट्याने हेडफोन परत गळ्यात घातला, ही चांगली खूण होती. चित्र पानावरच्या एका न दिसणाऱ्या डबीत घालायचं आणि ती डबी फिरवायची. तिच्याबाहेर दुसरी, न फिरणारी डबी, आणि फिल्टर त्या बाहेरच्या डबीला. आतलं काही का फिरेना, सावली बाहेरून पडणार. त्याने बाईंच्या एकशे ऐंशींवर हे करून पाहिलं. दहा मिनिटांत झालं. बॉबिन कोलांट्या मारू लागली आणि तिची सावली निमूटपणे खाली उजवीकडेच पडत राहिली. सुयांनी तेवढा त्रास दिला. फिल्टर चित्राभोवती आपली एक चौकट धरतो आणि बारीक वस्तूला बारीकच चौकट देतो, त्यामुळे सुईची सावली कात्रीने कापल्यासारखी तुटत होती. चौकट मोठी केली आणि सुया सुधारल्या.

राहिली दोनशे बत्तीस. 'नवीन', 'नवीन २' आणि 'हे खरंच शेवटचं' यांना एका ओळीत सरळ करणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. एक एक उघडून हाताने करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिघांनी वाटून घेतली. मॅडमनी बाह्या सारल्या. गुरुवारी संध्याकाळी सहाला खालचा चष्मेवाला नेहमीप्रमाणे जिन्याचं दार बंद करायला आला तेव्हा एकोणीस उरली होती. त्याला अर्धा तास थांबा म्हटलं तर तो म्हणाला, "घरी बायको आहे माझी, तुम्ही बोलता का तिच्याशी?" कुणी बोलायला तयार झालं नाही.

घरी जाऊन बाईंनी त्या एकोणीस भागांचे क्रमांक एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून काढले.

शुक्रवारी अकराला व्यापारी आला. रुंद माणूस, नखांत यंत्राचं तेल. बाईंच्या खुर्चीत बसला, माऊस डावीकडे पाहून त्याने बाईंकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता तो उजवीकडे घेतला. एक भाग उघडून फिरवला. दुसरा फिरवला. तो सगळे भाग तसेच बघत होता, खरा भाग दोन बोटांत धरून उजेडात फिरवावा तसा. मॅडम उभ्या होत्या. 

दोनशे चौदा क्रमांकाचा भाग उघडला. फिरवला. सावली गर्रकन वर गेली.

त्याने भाग सुलटा केला. पुन्हा उलटा केला. "हे काय?"

"तो एक इफेक्ट..." मॅडमचा हात उचलला गेला.

"चूक आहे," बाई म्हणाल्या. "अशा एकोणीस आहेत. ही यादी."

त्याने कागद घेतला, हातभर लांब धरून वाचला. "म्हणजे बाकीच्या चुका तुम्ही सुधारल्यात?"

"हो. खाचेचा उंचवटा दिसत होता."

"कधीपासून सांगतोय मी लोकांना!" तो एकदम मॅडमकडे वळला. "माझ्याकडे पट्ट्या परत येतात त्या ह्याच भानगडीपायी. फोटोत खाच कळत नाही. मागच्या वेळी ज्यांनी पान केलं त्यांना मी दहा वेळा सांगितलं, ते म्हणाले तुमच्या डोळ्यांत दोष आहे." त्याने खिशातून पेन काढून यादीतला एक आकडा खोडला. "दोनशे चौदा मी आता ठेवतच नाही. अठरा राहिले. सोमवारी दाखवा."

"दाखवतील की," मॅडम घाईने म्हणाल्या. "काकू करतील सोमवारपर्यंत."

जिन्यावरची पावलं दूर गेली तेव्हा गळपट्ट्याने घसा खाकरला. "मॅडम, काकूंचे तीन महिने आज संपतात."

"मग? अठरा सावल्यांसाठी मी काय नवीन माणूस..." हात हवेत गेला, भोवऱ्यासारखा फिरला आणि धाडकन टेबलावर आला. बाईंच्या टेबलावर.

साडेबाराला फोन वाजला.

"येतेस ना जेवायला? की निकाल लागायचाय अजून?" यजमान विचारत होते.

"लागला. नाही येत. अठरा उरलेत."

"आणि सोमवारी?"

"सोमवारीही नाही. मंगळवारीही नाही."

 पलीकडून शब्दकोड्याचा कागद घडी केल्याचा आवाज आला. "छान झालं," ते म्हणाले. "फार छान झालं गं." आणि जरा थांबून, "चमचे कुठे असतात आपल्याकडे?"

"दुसऱ्या खणात," बाईंनी सांगितलं, फोन खांद्यात धरूनच माऊस डावीकडे ओढला आणि यादीतला पहिला क्रमांक उघडला.